रेसच्या मधोमध सायकल बिघडली तर? वाचकांचे प्रश्न

एमटीबी (माउंटन बाईक) रेसिंगबद्दल काहीही विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. ट्रेनिंग, डाएट, हार्ट रेट यावर प्रश्न येतील असा अंदाज होता, पण निम्म्याच्या वर पत्रं निघाली ती एकाच दुखण्याची, रेसमध्ये सायकल बिघडते. आपल्याकडे मेकॅनिक, स्पेअर चाकं, टीमची गाडी असा थाट घेऊन रेसला येणारे मोजकेच. बाकी सगळे नोकरी-कॉलेज-घर सांभाळून शनिवारी रात्री टेम्पोत नाहीतर कारच्या मागे सायकल बांधून निघणारे, त्यामुळे बिघाड झाला की निस्तरायचा आपला आपणच. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : दादा नमस्कार. मी २४ वर्षांचा, एमआयडीसीत शिफ्टला काम करतो. सायकल हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) आहे, पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे ११ स्पीड, म्हणजे ११ चकत्या. पाय चांगले आहेत, प्रॅक्टिसला यवतेश्वरचा घाट रोजचाच. पण मागच्या अख्ख्या सीझनला एकही रेस धड पूर्ण झाली नाही. एकदा चढावर चेन तुटली, एकदा उतारावर चेन पडून फ्रेममध्ये अडकली, एकदा पडल्यावर गिअर उड्या मारायला लागले आणि थोड्या वेळाने डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) सरळ चाकात गेला. मित्र म्हणतात तुझं नशीबच फुटकं. नवीन सायकल घ्यायला पैसे नाहीत. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नशीब बाजूला ठेव रे, तू लिहिलेल्या तिन्ही बिघाडांना कारण आहे आणि तिन्ही कारणं आधीच पकडता येतात. आणि नवीन सायकल तर अजिबात घेऊ नकोस, याच सवयी घेऊन नव्या सायकलवर बसलास तर तिचीही चेन तुटेल.

आधी चेनचं बघू. चढावर चेन तुटते ती बहुतेक वेळा गिअर टाकतानाच. पूर्ण जोर लावून पेडल मारतोयस, चढ अचानक उभा होतो, घाईत दोन-तीन गिअर एकदम टाकले जातात, आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर तिरकी चढत असताना नेमकं तुझं सगळं वजन तिच्यावर येतं, मग कुठल्यातरी एका लिंकची बाहेरची पट्टी पिनवरून सुटते. ११ आणि १२ स्पीडच्या चेन अरुंद असतात, पिनचं डोकं पट्टीच्या जवळपास लेव्हलला असतं, त्यांना हा पीळ सहन होत नाही. तेव्हा चढ समोर दिसला की आधीच गिअर टाकायचा, आणि टाकताना अर्धा फेरा पाय हलका ठेवायचा, पाय थांबवायचा नाही फक्त जोर काढायचा. यवतेश्वरच्या घाटात रोज जातोसच तर आठवडाभर फक्त एवढंच कर, प्रत्येक वळणाच्या आधी गिअर आणि हलका पाय, बाकी टायमिंग वगैरे विसर.

दुसरं, तुझी चेन किती झिजलीय ते तू कधी मोजलंयस का? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही म्हणून विचारतोय. चेन चेकर नावाचं छोटं हत्यार मिळतं, नसेल तर घरातली स्टीलची फूटपट्टी चालते. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत बरोबर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ लिंका म्हणजे १२ इंच. पेडलवर थोडा दाब देऊन चेन ताणलेली ठेव, पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धर आणि १२ इंचाच्या खुणेवर बघ, नवीन चेनची पिन बरोबर खुणेवर येते. ती खुणेच्या पुढे इंचाचा सोळावा भाग गेली असेल तर चेन साधारण अर्धा टक्का वाढली, आणि ११-१२ स्पीडला तिथेच चेन बदलायची. ९-१० स्पीडवाल्यांना पाऊण टक्क्यापर्यंत चालतं. त्याच्या पुढे ओढलीस तर ती झिजलेली चेन कॅसेटचे (मागच्या चकत्यांचा गठ्ठा) आणि चेनरिंगचे दातही खाते, मग नवीन चेन टाकली तरी ती दातांवरून उड्या मारते आणि कॅसेटसकट सगळं बदलावं लागतं. कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग आहे हे तुला सांगायला नको.

आता रेसमध्ये चेन तुटलीच तर. चेन तोडायचं हत्यार (मल्टिटूलमध्ये असलेलं चालतं पण घरी एकदा वापरून बघ, काहींची पिन पहिल्याच वापरात वाकते) आणि ११ स्पीडची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी), दोन ठेव. क्विक लिंक स्पीडप्रमाणे वेगळी असते, १० ची ११ ला लावायची नाही. खराब झालेली लिंक काढून टाकायची, पण अशी की दोन्ही टोकांना आतली, म्हणजे अरुंद लिंक राहील, कारण क्विक लिंक स्वतः बाहेरची लिंक असते. काढण्याआधी चेन डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांतून कशी गेलीय ते नीट बघ, घाईत लोक ती मधल्या पत्र्याच्या चुकीच्या बाजूने ओवतात आणि मग सगळं परत. लिंक बसवली की पेडल उलटं फिरवून ती वरच्या बाजूला, चेनरिंग आणि कॅसेटच्या मध्ये आण, मागचा ब्रेक घट्ट दाब आणि पेडलवर पाय देऊन जोरात दाब. कट्ट असा आवाज येतो, तो आला की बसली. शेजारची लिंकही खराब म्हणून काढावी लागली असेल तर चेन तेवढी लहान झालीय, मग मागची सगळ्यात मोठी चकती टाळायची, चेन फार ताणली गेली तर डिरेलर फाटतो. हे सगळं घरी अंगणात बसून चार-पाच वेळा केलंस तर रेसमध्ये तीन-चार मिनिटांत होतं. न करता गेलास तर पंधरा मिनिटं आणि हात कापलेले.

उतारावर चेन पडते त्याचं कारण बहुधा क्लच, म्हणजे डिरेलरमधला चेन ताणून धरणारा भाग. तुझ्या डिरेलरवर एक छोटी खटकी असेल, शिमानोच्या बऱ्याच मॉडेलना असते. चाक काढताना ती ऑफ करतात कारण मग डिरेलर सहज मागे खेचता येतो, आणि चाक बसवल्यावर ती ऑन करायची राहून जाते. क्लच ऑफ असला की दगडांवर आपटताना चेन खालून फटके मारत राहते आणि कधीतरी चेनरिंगवरून उडते. क्लच ऑन असूनही पडत असेल तर चेनरिंगचे दात बघ. सिंगल चेनरिंगवर एक दात जाड एक बारीक असे एकाआड एक असतात, चेनच्या रुंद आणि अरुंद लिंकांत ते घट्ट बसावेत म्हणून. जाड दात झिजून बारीक दातासारखेच दिसायला लागले असतील तर ती बदलायची वेळ झाली.

आणि डिरेलर चाकात गेला ते हँगरमुळे. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर बसतो तो हँगर, आणि तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, पडल्यावर तो वाकावा किंवा तुटावा पण फ्रेम वाचावी म्हणून. तू उजव्या अंगावर पडला असणार. हँगर आत वाकला की लहान चकत्यांवर गिअर बऱ्यापैकी चालतात त्यामुळे आपल्याला वाटतं ठीक आहे, आणि पुढच्या चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर गेलं की डिरेलर अजून आत सरकतो आणि स्पोकमध्ये अडकतो. नेमकं हेच तुझं झालंय. म्हणून पडल्यावर उठलास की आधी सायकलच्या मागे उभं राहून बघ, डिरेलरची दोन छोटी चाकं एकाखाली एक सरळ उभी दिसतायत का. खालचं चाक स्पोककडे झुकलेलं दिसलं तर उरलेली रेस मोठ्या दोन-तीन चकत्यांना हात लावायचा नाही, चढ जड गेला तर उतरून ढकल. पाच सेकंदांचं बघणं आहे हे. आणि तुझ्या फ्रेमचा स्पेअर हँगर आजच मागवून ठेव, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि रेसच्या आदल्या दिवशी कुठल्याच दुकानात मिळत नाही. २०१९ साली स्रॅमने एक कॉमन हँगर आणला, यूडीएच म्हणतात त्याला, नव्या बऱ्याच फ्रेमना तोच बसतो, पण तुझी सायकल त्याआधीची असेल तर तुझा तुलाच शोधावा लागेल.

डिरेलर पूर्ण तुटला तरी हार्डटेलवर एक शेवटचा मार्ग असतो, डिरेलर काढून चेन तोडून लहान करायची आणि मधल्या कुठल्यातरी चकतीवर, जिथे चेन सरळ रेषेत येईल तिथे, सिंगल स्पीड करून घ्यायची. फुल सस्पेन्शनवाल्यांना हे जमत नाही सहसा, मागचं सस्पेन्शन दबलं की चेनला लागणारी लांबी बदलते.

शेवटचं, रेस रविवारी असेल तर हे सगळं गुरुवारी कर. शनिवारी रात्री नवीन चेन, नवीन केबल असलं काही टाकायचं नाही. नवीन केबल पहिल्या एक-दोन राईडमध्ये सैल होतेच आणि गिअर मोठ्या चकतीवर चढायला आळस करतात. तसं झालं तर शिफ्टरजवळचा किंवा डिरेलरजवळचा गोल ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा बाहेर सोडायचा, केबल ताणली जाते आणि गिअर चढायला लागतात. पण हे गुरुवारी कळलं तर शुक्रवारी राईडला सेट होईल, रेसमध्ये कळलं तर नाही.

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आहे, शाळेकडून एमटीबी रेसला जाते. सायकल आम्ही सेकंड हँड घेतलेली. गेल्या रेसला टेम्पोतून सायकली नेल्या, तिथे उतरवून चाक बसवायला गेलो तर पुढचं चाक ब्रेकमध्ये जाईचना. कसंतरी घातलं तर चाक फिरेना. बाकी मुलांचे वडील, काका मदतीला होते, तिचे बाबा बाहेरगावी असतात. ती स्टार्टला उभी राहिली पण रडत होती. दुकानात दाखवायला गेले तर दुकानदार माझ्याशी नीट बोलतच नाही, साहेबांना घेऊन या म्हणतो. मला यातलं काही कळत नाही पण तिची आवड मोडायची नाहीये. (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, आधी ब्रेकचं सांगतो कारण ते अगदी साधं आहे आणि पुढच्या वेळी तुम्ही स्वतः दोन मिनिटांत कराल. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की दोन्ही पॅड एकमेकांना येऊन चिकटतात, मध्ये डिस्क नसते ना त्यांना थांबवायला. टेम्पोत सायकली एकावर एक रचल्या की कुणाचं तरी हँडल लिव्हरवर दाबलं जातंच. मग डिस्क आत जायला जागाच उरत नाही. उपाय असा की एखादी चपटी बोथट वस्तू, टायर काढायचा प्लॅस्टिकचा लिव्हर उत्तम, दोन पॅडच्या मध्ये घालून हळूहळू रुंदावायचं, पॅड मागे सरकतात. स्क्रू ड्रायव्हरने जोर लावायचा नाही, पॅडचा पृष्ठभाग खराब होतो. मग चाक बसवायचं आणि लिव्हर चार-पाच वेळा दाबायचा, पॅड पुन्हा जागेवर येतात. आणि हे होऊच नये म्हणून चाक काढलं की लगेच पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी घालून ठेवायची, नवीन सायकलबरोबर त्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा येतो पण पुठ्ठाही तेच काम करतो. चाक बसवल्यावर लिव्हर खूप मऊ लागला, हँडलपर्यंत गेला आणि दहा-बारा वेळा दाबूनही घट्ट झाला नाही, तर लाईनमध्ये हवा शिरलीय, तशा सायकलवर मुलीला उतारावर सोडू नका, त्या दिवशी रेस नको. हे मात्र कडक पाळा.

आता दुकानाचं. दुकान बदला, दुसरा पर्याय नाही. मुलगी सायकल चालवते, तिची आई पैसे देते, आणि बोलायचं मात्र साहेबांशी, असल्या ठिकाणी काम नीट होईल असा भरवसा कसा ठेवायचा? गावात असा एखादा जुना सायकलवाला शोधा जो काम समोर बसून करतो आणि बघू देतो. महागडं दुकान असण्याची गरज नाही. चाकाचा आऊट काढणं, हबचं ग्रीस, छर्रे, कप-कोन यात आपले जुने सायकलवाले अतिशय तरबेज असतात. हायड्रॉलिक ब्रेक मात्र ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच द्या आणि तेल कुठलं टाकतोय ते विचारा. काही ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड, लिव्हरवर किंवा झाकणावर तसं लिहिलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतले रबरी सील खराब होतात आणि अख्खा ब्रेक फेकायला लागतो.

पण खरं सांगू का, मुलीलाच शिकवा. १५ वर्षांच्या मुलीला पुढचं-मागचं चाक काढून बसवणं, पडलेली चेन चढवणं, ट्यूब बदलणं आणि हवा मारणं एवढं आलंच पाहिजे आणि ते येतं, यात ताकदीचं काम फार थोडं आहे. रविवारी सकाळी गच्चीवर सायकल उलटी न करता (उलटी ठेवली तर काही ब्रेकमध्ये टाकीतली हवा लाईनमध्ये येते) भिंतीला टेकवून तिला करू द्या, तुम्ही फक्त मोबाईलवर वेळ लावा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, लागू द्या, मध्ये हात घालू नका. रेसमध्ये रडू येतं ते बहुतेक वेळा पुढे काय करायचं ते माहीत नसतं म्हणून, ते एकदा माहीत झालं की तिचं लक्ष चाकावर जाईल.

खर्चाचं विचारलं नाहीत पण सांगतो, सेकंड हँड सायकलवर पैसे घालायचे तर आधी टायर, मग ब्रेक पॅड, मग चेन. कार्बन हँडल, रंगीत पेडल असलं कुणी सुचवलं तर सध्या नाही म्हणा.

प्रश्न : आमच्याकडे ट्रेल म्हणजे माळरान आणि बाभळीचे काटे. ट्यूब असताना पंक्चरने हैराण होतो म्हणून ट्यूबलेस केलं, तर सहा महिने चांगलं चाललं आणि परवाच्या रेसला एका काट्याने चाक बसलं. ट्यूब टाकली तर ती अर्ध्या किलोमीटरमध्ये गेली, दुसरी टाकली तीही गेली. मग काय फायदा ट्यूबलेसचा? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : फायदा होता म्हणून तर सहा महिने चाललं! तुमच्या टायरमध्ये त्या सहा महिन्यांत कितीतरी काटे घुसले असतील आणि आतल्या सीलंटने, म्हणजे भोक बुजवणाऱ्या द्रवाने, ते जागच्या जागी बंद केले, तुम्हाला कळलंही नाही. पण सीलंट कायमचं नसतं, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत ते वाळून आतून रबराचा पापुद्रा होतो. तुमचं पूर्ण वाळलेलं होतं, म्हणून एका काट्याने चाक बसलं. आणि ट्यूब का गेल्या? कारण ते सगळे जुने काटे टायरमध्येच होते, टोकं आत. सीलंटमुळे हवा जात नव्हती एवढंच. ट्यूब टाकली की ती फुगून थेट त्या टोकांवर दाबली जाते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवायचा, सरळ बोटं फिरवली तर रक्त निघेल म्हणून रुमाल किंवा ग्लोव्ह फिरवा, जिथे अडकेल तिथे काटा, तो मल्टिटूलच्या पक्कडीने किंवा बाहेरून दाबून काढायचा. बाभळीचा काटा मोडून फक्त टोक आत राहतं, ते डोळ्याला दिसत नाही पण रुमालाला लागतं. वेळ जातो, पण न बघता टाकलेली ट्यूब म्हणजे फुकट घालवलेली ट्यूब.

दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढून आत बारीक काडी घालून बघा, ओली निघाली नाही तर सीलंट टाका. २९ इंची चाकाला साधारण १०० मिली. रेसमध्ये काटा टोचलेला दिसला आणि हवा जात नाहीये, तर तो काढू नका, राहू दे तिथेच, घरी जाऊन काढा. हवा जातेय तर भोक खाली येईल असं चाक फिरवून पाच-दहा सेकंद थांबा म्हणजे सीलंट तिथे गोळा होईल. तरी थांबत नसेल तर प्लग, म्हणजे ती चिकट दोरी आणि टोच्या. दोरी टोच्यात ओवून भोकात घालायची, सेंटिमीटरभर बाहेर ठेवून टोच्या झटक्यात मागे घ्यायचा. चाक काढावंच लागत नाही. गॅसची नळकांडी वापरत असाल तर २९ इंची एमटीबीला २५ ग्रॅमची घ्या, १६ ग्रॅमच्या एकीत जेमतेम रेस संपवण्याइतकी हवा येते, आणि सोडताना ग्लोव्ह घालूनच धरा, नळकांडं बर्फासारखं गार पडतं. काही सीलंट त्या गॅसने घट्ट होतात, बाटलीवर सूचना असते ती वाचा.

हवेचं प्रेशर किती ठेवता ते लिहिलं नाहीत. ६५ किलोच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये पुढे २२, मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि मग एकेक पीएसआयने आपल्या ट्रेलप्रमाणे ठरवावं. आपल्या काळ्या दगडाला धार असते, फार कमी प्रेशरमध्ये दगडावर आपटलात तर रिमला पोचा पडतो आणि टायर साईडने फाटतो, साईडची फाट सीलंटने भरत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा एक बोटभर लांब तुकडा सीटखालच्या पाऊचमध्ये ठेवा, फाटीच्या आतून लावून वर ट्यूब टाकली की घरी पोचता येतं.

प्रश्न : कोकणात पावसाळी रेस असते, लाल चिखल. ब्रेक किंचाळतात आणि पॅड एका रेसमध्ये संपतात. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ऑरगॅनिक पॅड असतील, चिखलात ते खडूसारखे झिजतात. मेटलचे, सिंटर्ड म्हणतात ते टाका, आधी डिस्कवर सिंटर्ड चालतात का ते बघा, काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन (म्हणजे ऑरगॅनिक) पॅड असं कोरलेलं असतं. ओल्यात थोडा आवाज होणारच, पण कोरड्यातही किंचाळत असतील तर डिस्कला तेल लागलंय. चेनला स्प्रेने तेल मारू नका, थेंबाच्या बाटलीने लिंकेवर एकेक थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलायचे, भाजून वगैरे काही होत नाही.

प्रश्न : क्रॉस कंट्री रेसमध्ये माझ्या मित्राचं मागचं चाक गेलं, ट्रॅकच्या कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या मित्राने स्वतःचं चाक काढून दिलं, तो पूर्ण रेस मारून सहावा आला आणि आयोजकांनी बाद केलं. हा अन्याय नाही का? मदत करणं गुन्हा आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मित्राबद्दल वाईट वाटतं, पण रेस यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांनी चालत असेल तर निर्णय बरोबर आहे. ऑलिम्पिक क्रॉस कंट्रीत बाहेरची मदत फक्त ठरवून दिलेल्या फीड-टेक्निकल झोनमध्ये (पाणी-खाणं आणि दुरुस्तीची जागा) घेता येते. चाक, चेन, डिरेलर काहीही तिथे बदला, फ्रेम सोडून, म्हणजे सायकलच बदलता येत नाही. झोनच्या बाहेर स्वतः दुरुस्त करायची मुभा असते, आणि एकाच टीमचे दोन रायडर रेसमध्ये असतील तर ते एकमेकांना मदत करू शकतात. कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाचं चाक चालत नाही, आणि त्याला कारण आहे. नाहीतर ज्याचे मित्र जास्त त्याची रेस, एकट्याने आलेल्या पोराने काय करायचं?

याची दुसरी बाजू बघा. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिम्पिकची पुरुषांची क्रॉस कंट्री, एलांकूरची टेकडी. ब्रिटनचा टॉम पिडकॉक पुढच्या गटात असताना पंक्चर झाला. तो तसाच झोनपर्यंत आला, चाक बदललं, अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला, आणि मग एकेकाला गाठत शेवटच्या लॅपमध्ये फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झकीला मागे टाकून सुवर्णपदक घेतलं. आदल्या दिवशी महिलांच्या रेसमध्ये नेदरलँडच्या पुक पीटर्सेलाही पंक्चर झालं, ती चौथी आली. म्हणजे पंक्चर जगातल्या सगळ्यात चांगल्या सायकलींनाही होतं, फक्त तिथे झोन कुठे आहे आणि तिथपर्यंत बसलेल्या चाकावर कसं जायचं हे रायडरला पाठ असतं. तुमच्या मित्राला सांगा, पुढच्या रेसला ट्रॅक बघायला आदल्या दिवशी जाशील तेव्हा झोन नकाशावर बघ आणि स्पेअर चाक तिथे ठेव, मित्रालाही तिथेच उभं कर. चाक बसलं तर सायकल घेऊन पळायला बंदी नाही, सायकलसकट पळत फिनिश लाईन पार केली तरी ती पूर्ण रेस धरतात. स्थानिक रेसचे नियम वेगळे असू शकतात, ब्रीफिंगमध्ये हात वर करून विचारायचं, सगळे घाईत असतात म्हणून कुणी विचारत नाही.

प्रश्न : वय ४२, आयटीत आहे, दोन मुलं. वर्षातून थोड्याच रेस जमतात, त्यासाठी पहाटे उठून ट्रेनिंग करतो. पण मेकॅनिकल झालं की डोकंच फिरतं, हात थरथरतात, साधी चेन चढवता येत नाही, शेवटी सायकल ढकलत परत येतो आणि घरी दोन दिवस कुणाशी बोलत नाही. बायको म्हणते सोडून दे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सोडू नका. तुमचे हात थरथरतात ते घाबरून नाही, तुमचे ठोके तेव्हा १७०-१८० च्या घरात असतात आणि त्या अवस्थेत बारीक काम कुणाच्याच हाताला जमत नाही. म्हणून थांबलात की पहिलं अर्धं मिनिट सायकलला हात लावायचा नाही. ट्रॅकवरून बाजूला व्हा, मागून येणाऱ्यांना जागा द्या, पाणी प्या, दोन-तीन लांब श्वास. मग सायकल मागून पुढे एकदा बघा, मागचं चाक, डिरेलर, चेन, पुढचं चाक, आणि बिघाड काय आहे ते मोठ्याने बोला, हो मोठ्याने, चेन आत पडलीय, एवढंच. बोललं की डोक्यातलं बाकीचं गप्प होतं. चेन आत पडली असेल तर खेचू नका, डिरेलर पुढे ढकला म्हणजे चेन सैल होते, ती चेनरिंगच्या वरच्या दातांवर ठेवा आणि पेडल हाताने फिरवा, चढते. अर्धं मिनिट घालवलेलं वाया जात नाही, घाईत ओढून अडकवलेली चेन सोडवायला पाच मिनिटं जातात.

डाउनहिलमध्ये, म्हणजे फक्त उताराच्या रेसमध्ये, २०१५ च्या लिओगांग वर्ल्ड कपला अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन स्टार्टलाच तुटली आणि तो एकही पेडल न मारता ती रेस जिंकला. क्रॉस कंट्रीत चढ असतो त्यामुळे असं होणार नाही हे मला कळतं, पण बघा, तुटल्यावरही तो त्याच्या हातात जे उरलं होतं, ब्रेक, लाईन (उतरायची वाट), वळणं, त्याच्यावरच काम करत राहिला. तुमच्याकडे चेन गेली तरी उतार आणि पाय उरतात. शेवटचा आलात तरी रेस पूर्ण करा, निकालात नाव येऊ द्या. अर्धवट सोडलेल्या रेसचाच राग घरी येतो, तुमच्या पत्रातही दोन दिवसांचा अबोला ढकलत परत आल्यावरच आहे.

आणि वहिनींना एकदा रेसला घेऊन या, मुलांनाही. पाण्याची बाटली द्यायला झोनमध्ये माणूस लागतंच.

सस्पेन्शनबद्दलची पत्रं भरपूर आहेत, फोर्कचं ऑइल कधी बदलायचं, सॅग (सायकलवर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं) कसा मोजायचा, एअर फोर्कमधली हवा रात्रीत का उतरते, त्यांची उत्तरं पुढच्या अंकात. प्रश्न पाठवताना सायकलचं मॉडेल, साल आणि तुमचं वजन लिहायला विसरू नका, त्याशिवाय प्रेशर सांगता येत नाही.